चहाचा पेला, मुंबईचा प्लेग आणि अवकल समीकरणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात उतई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी कार्यकारिणीने आम्हांस पाचारण केले आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली. अशा प्रसंगी शिवचरित्र, संतवाङ्मय, नाट्यसंगीत, गेला बाजार ‘परप्रांतातील मराठी माणूस’ यांपैकी काहीतरी घ्यावे असा प्रघात आहे. आम्ही मात्र विद्यापीठाच्या गणिताच्या अभ्यासक्रमातील एक प्रकरण घेऊन आपणांपुढे उभे आहोत. त्याचे नाव अवकल समीकरणे. आम्ही स्वतः बी. ए.; इतिहास आणि मराठी हे आमचे विषय; सारी नोकरी केंद्र सरकारच्या फायलींत गेली. गणिताच्या प्रांतात आम्हांस कसलाही अधिकार नाही, हे आमच्या मित्रांनी व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका पाहताच आम्हांस सांगितले. त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु आपल्या घरांतील मुलामुलींच्या आयुष्याशी या प्रकरणाचा संबंध येऊन ठेपला आहे, आणि तो निर्णय घेणारे आपण बहुतेकजण आमच्यासारखेच गणित न शिकलेले आहोत. म्हणून हे धाडस.

आपण येथे कसे आलो हे आपणांस ठाऊकच आहे. कोणी पोलाद कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, तर कोणी येथल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रात. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत साहाय्याने कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या लाटेबरोबर विदर्भातून आलेली कित्येक कुटुंबे आज तिसऱ्या पिढीत आहेत. शिक्षणाच्या बाबतीतही हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. जुन्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर, आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाले तेव्हा दुर्ग-रायपूरच्या मुलांना पदवीसाठी तिकडेच पाहावे लागे. पुढे १९४६ साली सागर, १९६४ साली रायपूर आणि २०१५ साली खुद्द दुर्ग येथे विद्यापीठ झाले. आज उतईत दानवीर तुलाराम यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय आहे आणि दुर्ग विद्यापीठाला आता हेमचंद यादव यांचे नाव आहे. दाराशी महाविद्यालय आले. आता प्रश्न मुलांनी तेथे काय शिकावे एवढाच उरला.

आणि येथेच आपल्या भिलाईचे एक वैशिष्ट्य आड येते. या शहरात अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेला असे काही माहात्म्य आले आहे की, ती पार पडली तो मुलगा हुशार, आणि जो बी. एस्सी.ला गेला तो ‘राहिलेला’. गणित घेऊन बी. एस्सी. करणाऱ्या मुलीला तर हळदीकुंकवातसुद्धा ‘मग पुढे काय?’ असे विचारले जाते. उत्तर ऐकण्याची कोणाची इच्छा नसते. अशी मुले प्रथम वर्ष कशीबशी रेटतात; आणि मग अवकल समीकरणांपाशी पोहोचली की, त्यांतल्या काहींचा धीर सुटतो.

धीर सुटण्याची सुरुवात शब्दांपासूनच होते. येथील पुस्तके हिंदीत. पहिल्याच पानावर समीकरणाची ‘कोटि’ आणि समीकरणाचा ‘घात’ यांच्या व्याख्या. आता मराठी घरात कोटी म्हणजे एक तर शंभर लाख, नाही तर पु. ल. करीत ती, आणि घात म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. वस्तुतः येथे कोटि म्हणजे बदलाची पायरी: निव्वळ वेग असला तर पहिली, वेगाच्या बदलाचा वेग असला तर दुसरी. हे एका वाक्यात सांगता येते. परंतु ते वाक्य मुलांना कोणी सांगितलेले नसते. ‘अवकल समीकरण’ हा मूळ शब्द मात्र मराठी विश्वकोशातही तोच आहे. तेव्हा हिंदीतून शिकल्यामुळे आपली मुले मराठीला मुकली असे मानण्याचे कारण नाही. संस्कृताच्या एकाच टांकसाळीत दोन्ही नाणी पडली आहेत.

आमची पुतणी गेली तीन वर्षे शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. दुर्ग-भिलाईतील एका महाविद्यालयात ती गणित घेऊन बी. एस्सी. करीत आहे. गेल्या वर्षी या विषयात तिला जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले. अमरावतीहून आमच्या थोरल्या बंधूंचा फोन आला. दादा म्हणाले, “झेपत नसेल तर सोडून दे म्हणावं. एखादा संगणकाचा कोर्स करू दे. तिचं वय वाया जाऊ नये.” दादांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती, म्हणूनच त्यास उत्तर देणे अवघड. पुढील सत्राचा अर्ज भरण्यास आठ दिवस उरले होते.

त्या आठ दिवसांत आम्ही तिच्या वह्या पाहिल्या. समजले काहीच नाही, पण एक गोष्ट सरकारी माणसाच्या डोळ्यांना दिसल्यावाचून राहिली नाही. वहीत समीकरणांचे ‘प्रकार’ होते: चर पृथक् करता येणारे, समघाती, रैखिक, यथातथ, क्लेरोचे, आणि आणखी कितीतरी. प्रत्येक प्रकारापुढे एक रीत. ती ज्या शिकवणीला जाई तेथे, समीकरणाचा चेहरा पाहून प्रकार ओळखावा व रीत लावावी, असे शिकविले जाई. आमच्या कचेरीत येणाऱ्या अर्जांचेही असेच असते. रंग पाहून अर्ज कोणत्या टेबलाकडे पाठवायचा ते शिपायालाही कळते. अर्जदाराची अडचण काय आहे हे मात्र अर्ज वाचल्याशिवाय कळत नाही. आम्ही तिला सहज विचारले, “यात बदलते आहे काय, आणि कशामुळे?” ती गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, असं कोणी विचारतच नाही.”

मंडळी, आमचे आजचे सारे सांगणे या एका प्रश्नाभोवती आहे. तो विचारण्यासाठी गणिताची पदवी लागत नाही.

अवकल समीकरण म्हणजे काय? साध्या समीकरणात एखादी संख्या अज्ञात असते. येथे अज्ञात असते ती एखाद्या गोष्टीची संपूर्ण वाटचाल. ठाऊक असतो तो केवळ तिच्या बदलाचा नियम. चहाचाच पेला घ्या. खोलीचे तापमान ३० अंश, चहा ९० अंश. ५ मिनिटांनी तो ७० अंशांवर आला. आणखी ५ मिनिटांनी किती? घाईघाईने आपण ५० म्हणू. कारण पहिल्या खेपेस २० उतरले, तर दुसऱ्या खेपेसही २० उतरतील. परंतु चहा निवतो तो भोवतालापेक्षा तो जितका जास्त गरम असेल त्या मानाने. हा नियम न्यूटनने १७०१ साली सांगितला. प्रारंभी अंतर ६० अंशांचे होते, ते ४० झाले. म्हणजे दोन-तृतीयांश उरले. पुढील ५ मिनिटांत त्या ४० चेही दोन-तृतीयांश उरणार, म्हणजे २६.७, तेव्हा चहा ५६.७ अंशांवर असावा. ‘निवण्याचा वेग हा तापमानातील फरकाच्या प्रमाणात असतो’, हे जे वाक्य, तेच अवकल समीकरण. चिन्हांत मांडले की विद्यार्थ्याला ते पहिल्या प्रकरणातील पहिल्या प्रकारचे म्हणून ओळखू येते. पण ते आधी एक वाक्य आहे.

पुतणीने हे करून पाहिले. शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापक एका स्नेह्यांकडून मागून आणला (आपला ताप पाहण्याचा तापमापक ४२ अंशांपलीकडे जात नाही, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावे) आणि ओट्यावर चहा ठेवला. पहिली ५ मिनिटे हिशेबाप्रमाणे गेली. दुसऱ्या ५ मिनिटांनंतर पारा ५६.७ वर असावयाचा, तो ५८ च्या वर होता. आम्हांस वाटले, आता ही हिरमुसणार. पण तिचा चेहरा उजळला. “काका, सुरुवातीला नुसती उष्णता जात नाहीये, वाफसुद्धा जातेय! वाफेनं पहिल्यांदा जास्त निवला, म्हणून नंतर कमी.” तिने पेल्यावर ताटली झाकली आणि पुन्हा मोजले. या खेपेस ५ मिनिटांत ९० चे ७८ झाले. अंतर ६० चे ४८, म्हणजे चार-पंचमांश. तेव्हा पुढे ६८.४ यावयास हवे. आले साडेअडुसष्टच्या आसपास. त्या रात्री तिने प्रकारांची वही बाजूस ठेवून प्रत्येक उदाहरणाशेजारी एकेक वाक्य लिहिण्यास आरंभ केला: काय बदलते, आणि कशामुळे.

पेल्यातील चहा मोठा केला की कारखान्यात पोहोचतो. तप्त पोलादाचा ठोकळा निवतो तेव्हा त्याचे अंतरंग आणि पृष्ठभाग एकाच तापमानाचे नसतात. ठिकाण आणि काळ या दोहोंचा हिशेब ठेवावा लागतो. फ्रेंच गणिती फूर्ये याने १८२२ साली त्याचे शास्त्र ग्रंथरूपाने मांडले. पहाटेच्या पाळीला सायकलवरून निघणाऱ्या आपल्या वडीलमंडळींनी त्याचे नाव ऐकले नसेल, परंतु त्यांच्या भाकरीत त्याचा वाटा आहे. असो. पोलादाविषयी आमच्यापेक्षा जास्त जाणणारे निम्मे श्रोते समोर बसले असल्याने आम्ही येथेच थांबतो.

आता आम्ही आपणांस मुंबईस नेतो, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे आमच्या पायाखाली थोडी ओळखीची जमीन येते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढची दहा-बारा वर्षे महाराष्ट्राने काय सोसले ते आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आपणांपैकी अनेकांनी ऐकले असेल. गावे ओस पडली, माणसे माळावर झोपड्या बांधून राहिली. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. इतिहासाच्या पुस्तकात प्लेग येतो तो येथवर. गणिताच्या पुस्तकात तो आणखी पुढे जातो, हे आम्हांस या पुतणीमुळे कळले.

१९२७ साली एडिंबरोच्या दोघा संशोधकांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात साथीच्या रोगांच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील मॅकेंड्रिक हे शिक्षणाने डॉक्टर. भारतातील वैद्यकीय सेवेत त्यांनी पुष्कळ वर्षे काढली होती आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केले होते. दुसरे करमॅक; रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतील अपघातात १९२४ साली त्यांची दृष्टी गेली होती. पुढील सर्व गणित त्यांनी मनात धरून केले. या दोघांनी आपला सिद्धांत ताडून पाहण्यासाठी आकडे निवडले ते मुंबई बेटातील प्लेगच्या मृत्यूंचे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, आठवड्यागणिक. डोंगरी, मांडवी, गिरगाव येथील चाळींतून ज्यांच्या तिरड्या निघाल्या, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव त्या निबंधात नाही. परंतु त्यांची संख्या आज जगभरच्या विद्यार्थ्यांना शिकविली जाते.

त्यांची मांडणी विलक्षण सोपी आहे. लोकसंख्येचे तीन गट कल्पा. ज्यांना रोग होऊ शकेल असे, रोगाने ग्रासलेले, आणि ज्यांचा रोगाशी संबंध संपला असे, मग ते बरे झालेले असोत वा दगावलेले. नव्या लागणीचा वेग पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात, कारण दोघांची गाठ पडल्यावाचून लागण नाही. रोगातून सुटण्याचा वेग रोग्यांच्या संख्येच्या प्रमाणात. बस्स. तीन गट आणि तीन वाक्ये. चहाचे वाक्य एक होते. येथे तीन वाक्ये एकमेकांत गुंतलेली आहेत.

यातून निघालेला निष्कर्ष मात्र सोपा नाही. साथ का ओसरते? पूर्वी वाटे की, बळी पडण्याजोगी माणसे संपतात तेव्हा, नाही तर रोगाचा जोर नाहीसा होतो तेव्हा. या समीकरणांनी दाखविले की, दोहोंपैकी काहीही न होता साथ ओसरू शकते. बळी पडण्याजोग्यांची संख्या एका ठरावीक उंबरठ्याखाली आली की, प्रत्येक रोगी सरासरीने एकापेक्षा कमी माणसांना रोग देतो आणि साथ आपोआप मावळते; पुष्कळ माणसे अस्पर्शित राहूनच. २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून जो आकडा रोज छापून येई, एक रोगी किती जणांना रोग देतो तो, त्याचे मूळ या विचारात आहे. त्या दिवसांत आपण सर्वजण आलेखाचा वक्र खाली येण्याची वाट पाहत होतो. तो वक्र म्हणजे एका अवकल समीकरणाचे उत्तर होते, हे आपणांस कोणी सांगितले नव्हते.

आणि आता महत्त्वाची गोष्ट. ही तीन समीकरणे पुतणीच्या वहीतील कोणत्याही प्रकारात बसत नाहीत. करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनाही काळाच्या हिशेबाने त्यांचे नेमके उत्तर नेहमीच्या सुटसुटीत रूपात काढता आले नाही. त्यांनी साथ फार मोठी नाही असे गृहीत धरून काही बारीक पदे सोडून दिली, आणि तेव्हा कोठे घंटेच्या आकाराचा एक सुबक वक्र हाती आला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे मृत्यूंचे शिखर सतराव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे एप्रिलात, आठवड्याला सुमारे ८९०. शिखराच्या ५ आठवडे आधी आणि ५ आठवडे नंतर सुमारे ३७५. सारा वक्र बेरजेस घेतला तर एकूण मृत्यू नऊ हजारांच्या आतबाहेर. आणि प्रत्यक्ष नोंदींचे ठिपके या वक्राच्या अवतीभवती पडलेले दिसतात. पुतणीने तो आलेख आम्हांस दाखविला तेव्हा आम्ही बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहत राहिलो. एकेक ठिपका म्हणजे शेकडो घरांतील आकांत.

परंतु ठिपके जुळले म्हणून वाक्य खरे ठरले काय? मुंबईचा तो प्लेग बव्हंशी माणसाकडून माणसाला होत नव्हता. तो उंदरांत पसरे आणि उंदरांवरील पिसवा तो माणसाला देत. ही गोष्ट १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखविली होती, आणि पुढे मुंबईतील संशोधनाने ती पक्की झाली. शिवाय दर साली प्लेग थंडीत चढे आणि पावसाळ्यापर्यंत उतरे. म्हणजे ऋतूचाही हात होता. निबंधाच्या लेखकांना हे ठाऊक होते. प्रमाणे सतत एकसारखी राहतात हे गृहीत काटेकोर नाही, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली होती. पुढच्या गणितज्ञांनी उंदीर, पिसवा आणि ऋतू धरून नवी समीकरणे मांडली. तरीही शिकविताना बहुधा फक्त सुबक वक्र दाखवितात आणि उंदीर गाळतात. आमच्या मते उंदरांसकट शिकविणे हेच खरे शिक्षण. ताटली झाकण्यापूर्वीच्या चहाने पुतणीला जे सांगितले, तेच मुंबईचे उंदीर गणितज्ञांना सांगत होते.

येथे कोणी म्हणेल की, हे सारे विलायती शास्त्र. त्यांच्यासाठी एका मराठी माणसाचे नाव घेतो. बापूदेव शास्त्री. जन्म १८२१, पुण्यास. शिक्षण नागपुरात, तेथेच लीलावती आणि बीजगणित. तेथून विल्किन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना सीहोरला नेले, आणि पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत त्यांनी उभा जन्म गणित आणि ज्योतिष शिकविण्यात घालविला. १८९० साली ते वारले. पुणे, नागपूर, सीहोर, काशी: आपल्यासारखाच बदल्यांचा प्रवास म्हणा ना! या शास्त्रीबोवांनी १८५८ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहून दाखविले की, भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाच्या ‘तात्कालिक गती’चा, म्हणजे त्या क्षणीच्या वेगाचा, विचार केला आहे. चंद्र भराभर चालतो. त्याची सबंध दिवसाची सरासरी गती घेऊन ग्रहणाची वेळ बरोबर येत नाही. म्हणून क्षणाची गती हवी. त्यासाठी भुजज्येतील फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे भास्कराचार्य जाणत होते. दोन वर्षांनी स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञाने आक्षेप घेतला की, एवढ्यावरून संपूर्ण अवकलनशास्त्राचे श्रेय देता येणार नाही. आक्षेपात तथ्य आहे असे आम्हांस वाटते. भास्कराचार्यांनी न केलेल्या गोष्टींचा मान त्यांना देण्याची गरज नाही, केलेल्या पुरेशा आहेत. आम्हांस कौतुक वाटते ते या गोष्टीचे की, ‘त्या क्षणी बदल किती?’ हा प्रश्न चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसराशी ज्यांचे नाते सांगितले जाते त्या आचार्यांनी विचारला, आणि सातशे वर्षांनी तो जगापुढे ठेवला तो घरापासून दूर काशीत राहणाऱ्या एका मराठी शिक्षकाने.

काशीचेच दुसरे घर नारळीकरांचे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतल्यावर १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे १९४२ साली गुजरातेतून प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा एक तरुण शिक्षक बायको-मुलीसह आला, साचविलेल्या पैशांवर काही महिने राहिला, आणि प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याच्या भोवतालचे गुरुत्वाकर्षण आइनस्टाइनच्या समीकरणांतून काढून दाखविले. तीही अवकल समीकरणेच, आणि अतिशय बिकट. १९४३ चे ते उत्तर आजही वैद्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याच घरात जयंतराव लहानाचे मोठे झाले. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा आपल्या मंडळींनीही हळहळ व्यक्त केली. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्रातील एक तपशील आमच्या मनात घर करून राहिला आहे. घरी मुलांसाठी फळे लावलेले होते. एम. एस्सी. करण्यासाठी त्यांच्याकडे राहायला आलेले मोरूमामा हुजुरबाजार त्यांतल्या एका फळ्यावर भाच्यासाठी एखादे कूट उदाहरण लिहून ठेवीत. भाच्याने ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत ते पुसले जात नसे. एक फळा होता आणि एक मामा होता.

आपल्या सर्वांच्या घरी नारळीकर जन्मणार नाहीत; तशी अपेक्षाही कोणी करू नये. आमच्या पुतणीने पुढील सत्राचा अर्ज भरला. दादांना आम्ही फोनवर चहाची हकिकत सांगितली. ते क्षणभर थांबून म्हणाले, “ताटली झाकून किती आले म्हणालास?” अडुसष्ट आणि थोडे, असे आम्ही सांगितले. “बरं,” दादा म्हणाले, “होऊ दे मग तिचं.” तिचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. तो कसा लागेल हे आम्ही सांगू शकत नाही. कदाचित पुन्हा जेमतेमच लागेल. कारण प्रश्नपत्रिकेत अजूनही प्रकारच विचारतात, वाक्ये नव्हेत, आणि प्रकारांचा सराव तिला करावाच लागणार आहे. त्यातून सुटका नाही. रीती न शिकता नुसता अर्थ सांगत बसणारा विद्यार्थी हा राग ओळखणारा पण गाता न येणारा श्रोता होय, आणि असे श्रोते आपल्या मंडळात आधीच पुष्कळ आहेत.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही एक लहानशी सूचना ठेवली होती आणि ती मान्य झाली आहे. सभागृहात एक मोठा फळा बसवावयाचा. दर शनिवारी संध्याकाळी महाविद्यालयात गणित घेतलेली मुले-मुली तेथे जमतील. कारखान्यातून निवृत्त झालेले दोन अभियंते यावयास राजी आहेत. त्यांच्याकडे मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची जुनी, स्वस्तातली गणिताची पुस्तके आहेत. पिस्कुनॉव्हच्या पुस्तकाच्या तर दोन प्रती निघाल्या. आमच्यासारख्या बी. ए. मंडळींनीही बसावयाचे. आमचे काम एकच: फळ्यावर समीकरण पडले की, ‘यात काय बदलते आहे, आणि कशामुळे?’ असे विचारावयाचे, आणि उत्तर आपल्याला कळेल अशा मराठीत मिळेपर्यंत उठावयाचे नाही. मुलांना याचा त्रास होईल. होऊ द्यावा. चहाची व्यवस्था महिला शाखेने पत्करली आहे. तापमापक आमच्याकडे आहेच, तो स्नेह्यांना परत करावयाचा राहिला आहे.

फळ्यासाठी उत्तरेकडची भिंत निश्चित झाली आहे. तेथे सध्या गणेशोत्सवाच्या मखरांचे लाकडी कपाट उभे आहे आणि ते अतोनात जड आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता ते हलवावयाचे आहे. चार तरुणांनी आणि दोरखंड असलेल्या एका गृहस्थांनी आपली नावे कार्यवाहांकडे आजच द्यावीत.